६१ गुणांचा अर्ज : पेठ तालुक्यातल्या एका देवराईच्या अनुदानाचं प्रकरण

देवराईच्या अर्जाला १०० पैकी ६१ गुण पडले होते, आणि एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीसाठी अर्ज निवडणाऱ्या आमच्या समितीची रेघ ६५ वर होती. नियमाप्रमाणे तो तिथंच संपायला हवा होता. त्याच बैठकीत दुसऱ्या एका अर्जाला ८४ पडले. गंगापूर धरणाजवळच्या माळावर मियावाकी पद्धतीनं दहा हजार झाडं, तीन वर्षांत घनदाट जंगल, जगण्याचं प्रमाण ९५ टक्के. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, ड्रोननं काढलेले फोटो. पेठचा अर्ज बारा पानी, टायपिंगच्या चुकांसकट, आणि जगण्याच्या प्रमाणाच्या रकान्यात लिहिलेलं : ‘६० टक्के, उन्हाळा कडक गेल्यास कमी.’

माझं घोडं त्या स्वल्पविरामानंतरच्या चार शब्दांवर अडलं.

मी या समितीवर बाहेरचा सदस्य. कंपनी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली, मध्यम आकाराची. समितीत आम्ही पाच जण : कंपनीच्या सीएसआर प्रमुख मॅडम, त्यांचे सीए, एक निवृत्त वनक्षेत्रपाल, वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापक आणि मी. याआधी पंधरा वर्षं मी संस्थांसाठी असेच अर्ज लिहून पोट भरलं. त्यामुळे कुठलं वाक्य गावात सुचलंय आणि कुठलं कॉलेज रोडवरच्या कॅफेत, हे मला बहुधा कळतं. निदान तसा माझा समज आहे. गाव आणि संस्था ओळखू येतील असे तपशील पुढे गाळले आहेत.

पैसा कुठला हे आधी सांगितलं पाहिजे, कारण निम्मे नियम तिथून येतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी कोणत्याही एका आकड्याला पोहोचतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कशावर करता येतात ते त्याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये आहे. पर्यावरण, जैवविविधता, माती-पाणी-हवा यांची निगा हे सगळं त्यात बसतं. म्हणजे विषय बसतो का, हा प्रश्न आमच्यापुढे जवळजवळ कधीच नसतो. देवराई बसते, माळावरची दहा हजार झाडंही बसतात. कायदा दोघांकडे सारख्याच मायेनं बघतो.

अर्जातली देवराई पेठ तालुक्यातल्या एका पाड्याची, वाघदेवाची. मूळ जुनी राई जेमतेम दीड हेक्टर. तिच्याभोवती साडेसात हेक्टरचा झिजलेला उतार. राईच्या पायथ्याशी झरा. पेठला पाऊस धो धो पडतो, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तरी एप्रिल-मे महिन्यात पाड्यांवर टँकरची वाट बघतात. कातळाचा प्रदेश, पाणी मुरायला जागा कमी, पडलं की दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेला पळालं. मुरमाड थराखाली घट्ट कातळ लागतो तिथं झरा फुटतो, आणि वरचा उतार उघडा पडला की तो लवकर आटतो. अर्जाचं म्हणणं एवढंच होतं : उतार झाकला तर झरा लांबेल. त्यासाठी ६,००० रोपं, तारेचं कुंपण, तीन उन्हाळे टँकरचं पाणी, दोन राखणदार. मागणी १८ लाख ४० हजार.

पहिली चाळणी कागदांची. इथं गुण नसतात, नुसतं आहे किंवा नाही. उताराचा सामूहिक वनहक्क २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला मिळालेला होता, त्याचा दावा मान्य झाल्याची प्रत जोडली होती, आणि ग्रामसभेनं नेमलेली व्यवस्थापन समितीही होती. म्हणजे जमिनीवर अधिकार गावाचा. पण पैसे थेट गावाला देता येत नव्हते. कंपनीचा सीएसआर निधी राबवणाऱ्या संस्थेकडे एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक लागतो. शिवाय आयकराच्या १२ एबी आणि ८० जी च्या (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या) नोंदण्या आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. जंगल राखणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं. म्हणून नाशिकच्या एका लहान विश्वस्त संस्थेनं अर्जदार म्हणून नाव दिलं.

आणि तिथंच खोट निघाली. संस्थेचे एक विश्वस्त वारले होते, नव्यांची नेमणूक झाली होती, पण धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, मंजूर व्हायचा होता. असे रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतात हे नाशकातल्या कुठल्याही संस्थेला विचारा. सीए म्हणाले, सही कोणाची चालेल हे स्पष्ट नाही, अर्ज बाद करा. त्यांचं चूक नव्हतं. रिपोर्ट मुदतीत दाखल केल्याची पोच आणि उरलेल्या विश्वस्तांचा ठराव, यावर मार्ग निघाला. असल्या कारणावरून किती बरी कामं पहिल्याच चाळणीत गळत असतील, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

गुणांचा तक्ता

आमचा गुणांचा तक्ता कंपनीनं वृक्षलागवडीच्या जुन्या कार्यक्रमासाठी केलेला होता. राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४, २०१८ ला १३ आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं झाली, त्या दिवसांतला. तेव्हा सगळ्यांनाच खड्डे मोजायची सवय लागली होती. तक्त्यात एक रकाना होता : अपेक्षित जगण्याचं प्रमाण. ९० टक्क्यांच्या वर १० गुण, ७५ ते ९० ला ७, ६० ते ७५ ला ४.

हिशोब करून बघा. पेठवाल्यांनी ६० लिहिलं, ४ गुण मिळाले. ९५ लिहिलं असतं तर १०. एकूण ६७, म्हणजे रेघेच्या वर. आमच्याच तक्त्यानं खरं बोलल्याचे सहा गुण कापले होते. उलट माळावरच्या अर्जानं ९५ लिहिलं, आणि तो आकडा कुठून आला हे विचारायला तक्त्यात जागाच नव्हती.

तरी तो अर्ज मला खटकला तो वेगळ्या कारणानं. मियावाकी पद्धत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं दाटीनं लावते. शहरातल्या पडीक तुकड्यावर तिचा उपयोग असेल. पण गंगापूरचा माळ हा पडीक तुकडा नव्हे. ते गवताळ रान आहे, चंडोल आणि टिटव्या तिथं जमिनीवर अंडी घालतात. ‘ओसाड जमीन’ असं अर्जात चार वेळा आलं होतं. प्राध्यापक बाईंनी त्यावर पेन्सिलीनं चारही वेळा ‘गवत!’ असं लिहिलेलं मी पाहिलं. शेवटी तो अर्ज आमच्याकडे जमिनीच्या परवानगीच्या पत्राअभावी परत गेला. गवताच्या मुद्द्यावर गेला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आमच्या नियमावलीत एक खिडकी होती. रेघेखाली पाच गुणांपर्यंतचा अर्ज एखाद्या सदस्यानं लेखी मागणी केली तर स्थळभेटीला नेता येतो. मी मागणी लिहिली. सीएसआर मॅडम म्हणाल्या, ‘‘मे महिन्यात जायचं का? पावसात हिरवं दिसेल.’’ वनक्षेत्रपाल म्हणाले, ‘‘म्हणूनच मे महिन्यात.’’

स्थळभेट

पेठ रोडनं सावळघाट उतरून करंजाळीला चहा, आणि पुढे पाड्यापर्यंत जीपनं. राई लांबून एखाद्या टोपीसारखी दिसत होती. आत शिरल्यावर दहा अंश तरी थंड वाटलं, मोजलं कोणी नाही. वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड, वाघबारशीला तिथं नैवेद्य असतो. आईन, जांभूळ, बेहडा, मध्येच एक प्रचंड आंबा. राईच्या बाहेर पाऊल टाकलं की घाणेरी आणि मुरूम.

वनक्षेत्रपाल रोपं कुठं लावणार हे बघायला आले होते. ते उतारावर पाच-दहा पावलं गेले, वाकले आणि बूट टेकवून म्हणाले, ‘‘हे काय आहे?’’ करंगळीएवढ्या जाडीचे, गुरांनी खुडलेले फुटवे. खाली जुना खुंट. मग दुसरा. आम्ही दोरी धरून १० बाय १० मीटरचे पाच चौकोन आखले. जिवंत खुंटांची सरासरी एका चौकोनात १४ आली. म्हणजे हेक्टरी सुमारे १,४००. अर्जात चार हेक्टरवर ६,००० रोपं लावायची होती, हेक्टरी १,५००. जितकी झाडं बाहेरून विकत आणून, खड्डे खणून, टँकरचं पाणी घालून लावायची होती, जवळजवळ तितकीच तिथं आधीच मुळं धरून बसली होती. दरवर्षी शेळ्या त्यांचे शेंडे खात होत्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये आग वरून जात होती, आणि तरी ती पावसाळ्यात पुन्हा फुटत होती.

मुळांवर जगलेल्या खुंटाला पाणी घालावं लागत नाही. त्याची मुळं नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपापेक्षा कितीतरी खोल गेलेली असतात. त्याला फक्त तीन-चार वर्षं कोणी खाऊ-जाळू-तोडू नये एवढंच लागतं. हे गावाला माहीत नव्हतं का? होतं. मग अर्जात का नाही? संस्थेचा तरुण कार्यकर्ता थोडा ओशाळला. म्हणाला, ‘‘सर, ‘काही लावणार नाही, फक्त राखणार’ असं लिहिलं तर कोण पैसे देतं?’’

यावर आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही.

दुसरी लपवलेली गोष्ट राब. भात आणि नागलीचा तरवा (लावणीची रोपं) टाकण्याआधी त्या जागेवर पाला, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब. राईच्या कडेचे आईन छाटून छाटून खांबासारखे झाले होते, ते त्यापायी. अर्जात राब हा शब्दच नव्हता. शहरातल्या समितीसमोर तो शब्द आला की कपाळाला आठ्या पडतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणार. वनक्षेत्रपालांनी उघड विचारलं तेव्हा आडपडदा गेला. तासभर वाद झाला, आणि ठरलं असं : राबाची छाटणी मालकीच्या बांधावरच्या झाडांची, ज्यांना बांध नाही त्यांच्यासाठी पूर्वेकडचा उतार मोकळा ठेवायचा, तो राखणीत घ्यायचाच नाही. नऊ हेक्टरांतले सव्वादोन असे बाहेर गेले.

उठता उठता एक बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, चराईबंदी करा, पण माझ्या सात शेळ्या कुठं नेऊ, ते पण लिवा त्या कागदात.’’ त्यांना जमीन नव्हती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द अहवालात फार शोभतात, पण बंदीचा भार सगळ्या घरांवर सारखा पडत नाही. आमच्या तक्त्यात ‘लोकसहभाग’ याला २० गुण होते. कोणाचं नुकसान होणार, याला एकही नव्हता. मोकळा ठेवलेला उतार शेळ्यांनाही चालेल असं ठरलं, आणि राखलेल्या भागातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांना. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, अशी अट मी वहीत टिपली.

झऱ्याचं मोजमाप मात्र आम्हाला सुचलं नव्हतं. प्राध्यापक बाई प्रवाह कसा मोजायचा याचा विचार करत होत्या, तर हंडा घेऊन आलेल्या एका आजी म्हणाल्या, आता भरायला पाऊण तास लागतो, पौषात चूल पेटेपर्यंत भरतो. बाईंनी तोच हंडा मोजला, पंधरा लिटरचा. घड्याळ लावलं. ४६ मिनिटं. आमच्या अख्ख्या प्रकरणातला सर्वांत भरवशाचा आकडा तोच.

पैशाचा हिशोब पुन्हा

समितीला अर्ज मंजूर-नामंजूर करण्यापलीकडे तिसरा अधिकार असतो, तो फारसा वापरला जात नाही : बदलून आणा. आम्ही तसं कळवलं. महिन्याभरानं नवं अंदाजपत्रक आलं. ६,००० ऐवजी मोकळ्या पट्ट्यांत लावायला ६०० रोपं, ७२ हजार. तारेऐवजी दगडी गडगा, रचायला गावचेच लोक, ३ लाख २० हजार. होळीआधी जाळपट्टे (आग अडवणारे साफ केलेले पट्टे) काढायला तीन वर्षांचे ९० हजार. झऱ्याला कुंडी आणि पाइप, १ लाख ४० हजार. मोजणीला ५० हजार. टँकर नाही. उद्घाटन आणि फलकाचे ३० हजार होते, तेही गेले. आणि दोन राखणदार, महिना पाच हजारांऐवजी नऊ, तीन वर्षांचे ६ लाख ४८ हजार. एकूण १३ लाख २० हजार.

सीएंनी शेवटच्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढलं. निम्मे पैसे पगारात? प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही ना?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की थांबून सांगतो. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यासाठी थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. आणि राखणीच्या प्रकल्पात राखणदार हा प्रशासकीय खर्च कसा होईल? तोच तर प्रकल्प. लागवडीच्या कामात रोपांचं बिल जिथं येतं तिथं इथं माणसाची मजुरी येते. सीएंनी नियम पुन्हा वाचले, मान्य केलं, आणि तरी म्हणाले, ‘‘ऑडिटमध्ये प्रश्न येणारच.’’ मग राखणदारांची हजेरीवही आणि रोजच्या नोंदी हप्त्याला जोडायच्या असं ठरलं. त्यांच्या संशयानं प्रकल्पाचं भलंच झालं, हे पुढे दिसलं.

कुंडी आणि गडगा कोणाच्या नावावर, हाही प्रश्न त्यांचाच. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थींच्या सामूहिक गटाकडे किंवा सार्वजनिक यंत्रणेकडे असावी लागते. इथं ती ग्रामसभेच्या समितीकडे दिली. वन विभागाचं पत्रही फाइलला लागलं, त्याला सात आठवडे गेले. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही जगण्याच्या प्रमाणाचा रकाना बाजूला ठेवला आणि त्या दहा गुणांत विचारलं : काय मोजणार, कोण मोजणार, आणि आकडा वाईट आला तर काय करणार? अर्जाला ७६ पडले. रकाना मध्येच बदलणं हा पक्षपात नव्हे का, असं सीएसआर मॅडमनी विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हणून नवा रकाना त्या फेरीतल्या सगळ्या उरलेल्या अर्जांना लावला, आणि त्यात दोन अर्ज खाली गेले, एक माझ्या ओळखीच्या माणसाचा.

मंजुरी आणि त्यानंतर

समिती शिफारस करते, मंजुरी संचालक मंडळ देतं, आणि तीही वर्षाच्या कृती आराखड्यात प्रकल्प बसला तरच. तीन वर्षांचा म्हणून तो ‘चालू प्रकल्प’ या सदरात टाकावा लागला. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं, ही त्याची कमाल मुदत. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात वळवावी लागते. हे सदर आधी ठरवलं नाही आणि पैसे उरले तर ते प्रकल्पाच्या हातचे जातात. लोक मार्चमध्ये घाईनं खड्डे का खणतात याचं एक उत्तर इथं आहे.

मंडळाकडून मंजुरी आली, सोबत एक ओळ : ‘एकूण वृक्षसंख्या कळवावी.’ वार्षिक अहवालात तो आकडा लागतो. ६०० लिहिलं तर तेरा लाखांत सहाशे झाडं असं दिसणार. मॅडमनी ‘राखलेले जिवंत फुटवे’ अशी नवी ओळ घातली आणि चौकोनांवरून काढलेला अंदाज कसा काढला यासह दिला. मंडळानं तो स्वीकारला. वाचला का, ठाऊक नाही.

सामंजस्य करारात चार हप्ते. पहिला ३० टक्के, ३ लाख ९६ हजार. चराई आणि गवताच्या हक्काचा ठराव हाती येईपर्यंत तो रोखून ठेवला होता. ठराव यायला पाच आठवडे लागले, कारण पहिल्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही; भाताच्या लावणीचे दिवस होते.

पुढच्या मे महिन्यात तोच हंडा ४१ मिनिटांत भरला. मॅडमना ते अहवालाच्या पहिल्या पानावर हवं होतं. प्राध्यापक बाईंनी अडवलं : आदला पावसाळा जास्त होता, गडगा पुरा होऊन वर्षही झालं नाही, पाच मिनिटांचं श्रेय आत्ताच घेऊ नका. अहवालात आकडा गेला, कौतुक गेलं नाही.

दुसऱ्या हप्त्यासाठी राखणदारांच्या वह्या आल्या तेव्हा सीए त्या पानापानानं वाचत बसले. फेब्रुवारीतल्या एका नोंदीवर त्यांचं बोट थांबलं : ‘संध्याकाळी शेजारच्या शिवारातून आग आली. पट्ट्यापाशी थांबवली. अकरा माणसं, रात्री अकरापर्यंत.’

‘‘या अकरांचं व्हाउचर?’’

‘‘नाही,’’ कार्यकर्ता म्हणाला. ‘‘कोणी मजुरी मागितली नाही.’’

लोकसहभागाचा रकाना मी आजवर शेकडो अर्जांत स्वतःच्या हातानं भरला होता, दहा टक्के श्रमदान, नेहमीच गोल आकडा, आणि एकदाही कोणी तो तपासला नव्हता. सीएंनी किमान वेतनाचा दर काढला, अर्ध्या दिवसाचा धरला, अकरानं गुणलं आणि त्या रकान्यात पहिली नोंद केली.